समुपदेशकाचा रकाना : वागळे इस्टेटमधल्या एका शाळेचं प्रकरण

हे प्रकरण ठाण्याच्या वागळे इस्टेट भागातल्या एका अनुदानित मराठी माध्यमिक शाळेतलं, शैक्षणिक वर्ष २०२५-२६ मधलं आहे. मुलाची, घरच्यांची आणि शाळेची ओळख पटेल असं सगळं बदललं किंवा गाळलं आहे. कायदे, निकाल आणि आकडे जसेच्या तसे ठेवले आहेत. इथल्या पालकांच्या एका गटाने मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याकडे धोरण, नेमकं सांगायचं तर शाळेत समुपदेशकाचं पद, मागितलं. त्यांच्या निवेदनाचे मसुदे करायला मी होते. मागणी कुठे अडली आणि कशाने सरकली, हे दुसऱ्या शाळांतल्या पालकांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

पोटदुखी

गणपतीची सुट्टी संपली आणि आठवीतल्या एका मुलाचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. शाळा सकाळची. साडेसहाला उठवलं की मळमळ, कळा, रडारड; दहा वाजले की मुलगा ठणठणीत. आई रोड नंबर २२ जवळच्या एका पॅकिंग युनिटमध्ये कामाला, वडील रिक्षावर. आधी नाक्यावरच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध झालं, मग ॲसिडिटीचं, मग सोनोग्राफी. रिपोर्ट नॉर्मल आला. आजीने दृष्ट काढली, गावी जाऊन कौलही लावून झाला. शेवटी वडिलांनी पट्टा काढला. पोटदुखी होती तिथेच.

वर्गशिक्षिका निष्काळजी नव्हत्या. त्यांनी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा आईने सांगितलं, "बाई, पोट दुखतंय त्याचं, बरं वाटलं की पाठवते." साठाच्या वर पट असलेल्या वर्गात यापलीकडे जाऊन चौकशी करायची तर घरीच जावं लागतं, आणि घरी जायचं काम शाळेत कुणाच्याच वाटणीला येत नाही. हजेरीपटावर लाल शाईची रांग लांबत गेली.

ही रांग एका मुलीच्या नजरेला पडली. समाजकार्याचं एम.एस.डब्ल्यू. करणारी ही विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी आठवड्यातून दोन दिवस शाळेत यायची. तिला बसायला स्वतःचं टेबलही नव्हतं. ग्रंथालयातल्या कपाटामागे एक बाक होता. ती मुलाच्या किसननगरच्या खोलीवर गेली, चहा घेतला आणि मुलापुढे खाटेवर पडलेला पेपर सरकवला. फोटो क्रिकेटचा होता, खेळाडूचं नाव त्याने बरोबर सांगितलं. पुढच्या ओळीत 'स्पर्धा' आलं. त्याचं त्याने 'सपर' केलं, थांबला, 'परीक्षा' म्हणाला, आणि हसत पेपरची घडी घालून परत दिला. सातवीपर्यंत हा मुलगा पाठांतरावर तरून गेला होता. तोंडी विचारलं तर विज्ञानात वर्गात पहिला. आठवीत नव्या सरांनी इतिहासाच्या तासाला एकेकाला उभं करून धडा वाचायला लावायची पद्धत सुरू केली. पद्धत वाईट नाही, पण या मुलाची पाळी आली तेव्हा वर्ग हसला, आणि पोट दुखायला लागलं ते त्याच आठवड्यात.

वाचनातली ही अडचण म्हणजे अध्ययन अक्षमता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं, की शाळेत जाणाऱ्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करून अशी मुलं शोधावीत आणि त्यांच्या गरजा नोंदवाव्यात. म्हणजे हा मुलगा आठवीत येईपर्यंत कुणाच्या तरी यादीत यायला हवा होता. शाळेत त्याच्या नावापुढे 'अभ्यासात लक्ष नाही' एवढाच शेरा होता.

पुढचा प्रश्न दाखवायचं कुठे. प्रादेशिक मनोरुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर. १९०१ पासूनची ही संस्था, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. पण ज्या गावाच्या नावानेच 'याला ठाण्याला पाठवा' अशी थट्टा उभा महाराष्ट्र करतो, त्या गावात आईला तो रस्ता सुचवणं सोपं नव्हतं. "तिथल्या गेटात कुणी बघितलं तर चाळीत राहणं मुश्किल होईल," असं त्या म्हणाल्या. वडील तर रिक्षाचं भाडंही त्या दिशेचं घेत नाहीत, असं त्यांनीच हसत सांगितलं. शेवटी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाची तारीख मिळाली, तीही काही महिन्यांनंतरची. तोवर शाळेने एवढंच केलं, की त्याला मोठ्याने वाचायला उभं करायचं नाही आणि सुरुवातीला पहिले तीन तास बसला तरी हजर धरायचं. दिवाळीनंतर मुलगा यायला लागला.

इथे प्रकरण एका मुलापुरतं संपलं असतं. पण क्षेत्रकार्याची मुलगी वार्षिक परीक्षेच्या आधी निघून जाणार होती, हे मुख्याध्यापकांना ठाऊक होतं. पालकसभेत त्यांनी ते बोलून दाखवलं आणि मागच्या रांगेतून एकेक आई बोलायला लागली. एकीची मुलगी रात्रभर जागी असते, एकीचा मुलगा दहावीच्या सराव परीक्षेपासून जेवत नाही, एकीला नुसतं विचारायचं होतं की हे कुणाला विचारायचं.

पहिला मसुदा

पालक-शिक्षक संघातल्या सात-आठ जणांनी निवेदन लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात 'विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत व्यापक जनजागृती करावी', 'तज्ज्ञांची व्याख्याने व कार्यशाळा घ्याव्यात', 'तणावमुक्त वातावरण निर्माण करावे' अशा अकरा मागण्या होत्या. एकीलाही कुणी नाही म्हटलं नसतं आणि एकीनेही सोमवारी सकाळी शाळेत एक खुर्ची वाढली नसती. अशी निवेदनं सरकारला आवडतात. त्यांना उत्तर म्हणून एक परिपत्रक काढता येतं, परिपत्रकाला शाळा फोटो पाठवतात आणि विषय निकाली निघतो.

मी म्हटलं, जनजागृती बाजूला ठेवू. ठाण्यात ती कमी नाही. आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारखी संस्था १९९० पासून इथेच काम करते आहे आणि मनाच्या आरोग्यावर मराठीत बोलायची सवय या शहराला बऱ्यापैकी लागली आहे. पण नौपाड्यासारख्या सुखवस्तू वस्तीतल्या पालकाला ती सवय जितकी जवळची, तितकी किसननगरच्या पालकाला नाही. फी भरून समुपदेशन घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. अनुदानित शाळेतल्या मुलाकडे शाळा सोडून दुसरं दार नाही.

मग शाळेची संचमान्यता मागवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : शाळेत कुठली किती पदं मंजूर, हे दर वर्षी पटसंख्येवरून ठरतं, तो हा कागद. मुख्याध्यापक, शिक्षक, शिक्षकेतर, सगळ्यांचे रकाने त्यात आहेत. समुपदेशकाचा रकानाच नाही. जागा रिक्त आहे म्हणावं, तर मुळात जागाच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची काढली. सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत असं ती सांगते. समुपदेशक तिथेही नाही. गंमत अशी, की सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशक येतो आणि खाडीपलीकडे नवी मुंबई महापालिका स्वतः सीबीएसईच्या शाळा चालवते. एका पालकाच्या भावाची मुलं कोपरखैरण्याच्या अशा शाळेत आहेत. "म्हणजे पूल ओलांडला की मुलाला मन असतं," असं ते म्हणाले. मसुद्यात हे वाक्य घालायचा मोह मी आवरला, पण सभेत ते फार चाललं.

न्यायालयाने काय म्हटलं आहे

निवेदनाला खरं बळ मिळालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालाने. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने मानसिक आरोग्य हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि १५ निर्देश दिले. प्रकरण विशाखापट्टणमच्या वसतिगृहात 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं होतं. त्यामुळे बातम्यांमध्ये सगळा भर कोचिंग क्लासवर राहिला आणि आपल्याकडे अनेक मुख्याध्यापकांना तो निकाल क्लासवाल्यांचाच वाटला. तसं नाही. शाळा, महाविद्यालयं, क्लास, वसतिगृहं सगळ्यांना तो लागू आहे आणि योग्य कायदा होईपर्यंत बंधनकारक आहे.

आमच्या कामाचे निर्देश असे. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. पट त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीसह इतर मदतवाहिन्यांचे क्रमांक ठळक जागी लावावेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असावी.

यातला सगळ्यात स्वस्त निर्देश शाळेने सगळ्यात आधी पाळला. टेली-मानसच्या १४४१६ चा फलक प्रवेशद्वाराशी लागला, फ्लेक्सच्या दुकानातून एका दिवसात आला. ही वाहिनी १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. मी स्वतः ती लोकांना सुचवते. पण पोट दुखतंय असं सांगणारं आठवीतलं पोर हेल्पलाइनला फोन करत नाही. त्याला मुळात आपल्याला त्या फोनची गरज आहे हेच ठाऊक नसतं.

समुपदेशक नेमावा, ठीक, पैसे कुणाचे? निर्देशात हे उलगडून सांगितलेलं नाही. खासगी विनाअनुदानित शाळा फीमधून खर्च काढेल, महापालिकेची शाळा अर्थसंकल्पातून काढेल. अनुदानित शाळेचा शिक्षक राज्याच्या पगारावर आणि फी नगण्य. संस्थाचालक म्हणाले, पद राज्याने द्यावं. एका शिक्षण कार्यालयात तोंडी उत्तर मिळालं, संस्थेने नेमावा, वेतनेतर अनुदानातून, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठी मिळणाऱ्या पैशातून, भागवावं. हे ऐकून मुख्याध्यापकांनी विजेचं बिल काढून टेबलावर ठेवलं.

मुख्य लिपिकांचा सल्ला

या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात नेमका सल्ला एका मुख्य लिपिकांनी दिला. निवेदन घेऊन गेलो तेव्हा साहेब मीटिंगला होते, ते नेहमीचंच. लिपिकांनी मसुदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ताई, भावना पोचल्या. आता मला सांगा, हे पद कुठल्या आकृतिबंधात बसवू आणि पगार कुठल्या लेखाशीर्षातून टाकू? लेखाशीर्ष नसलं की फाइल फिरत राहते, कुणी फेटाळत पण नाही." आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, लेखाशीर्ष म्हणजे खर्च टाकायचं अर्थसंकल्पातलं खातं. मग त्यांनीच विचारलं, की २०२४ मध्ये राज्याने विशेष शिक्षकांची ४,८६० पदं केंद्र स्तरावर (केंद्र म्हणजे जवळपासच्या काही शाळांचा गट) मंजूर केली, ती कशी केली ते वाचलंत का.

वाचलं. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ ला विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शिक्षकांचं प्रमाण घालून दिलं, प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. त्यानंतर राज्याला पदं निर्माण करणं भाग पडलं. प्रत्येक शाळेला एक देणं परवडत नाही म्हणून केंद्राला एक, असा मार्ग निघाला. म्हणजे न्यायालयाचा निर्देश, त्याला जोडून पद आणि पदाला केंद्राची चौकट, ही वाट मळलेली आहे. आम्हाला नवा रस्ता खणायचा नव्हता.

दुसरा मसुदा त्यामुळे एका पानाचा झाला. शंभरच्या वर पट असलेल्या अनुदानित माध्यमिक शाळांच्या संचमान्यतेत समुपदेशकाचं पद दाखवावं. ते होईपर्यंत विशेष शिक्षकाच्या धर्तीवर केंद्रामागे एक समुपदेशक द्यावा. लहान शाळांची जोडणी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी लेखी करून द्यावी. अकरा मागण्यांच्या तीन झाल्या. गटातल्या दोघा-तिघांना ते रुचलं नाही, त्यांच्या मते मनाचा विषय पूर्ण कोरडा झाला. झालाच. पण मनाचं काम करायला माणूस हवा असेल तर कागदावर पदच मागावं लागतं.

'केस द्या'

स्थानिक आमदारांच्या कार्यालयात प्रतिसाद चांगला मिळाला. हिवाळी अधिवेशन तोंडावर होतं. तारांकित प्रश्न टाकू, जमल्यास लक्षवेधी लावू, असं स्वीय सहायक म्हणाले. आणि मग : "मॅडम, एखादी सुसाइडची केस आहे का? वजन येतं हो."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. सभागृहात गोष्ट लागते हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. आकडेही हाताशी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि त्यात सगळ्यात जास्त, १,७६४, महाराष्ट्रातल्या. गटातले एक बाबा म्हणाले, मुलाचं नाव न घालता आपलीच केस देऊ, थोडी वाढवून.

यावर बराच वाद झाला. माझं मत आजही तेच आहे, की हा आकडा निवेदनाच्या पहिल्या ओळीत घालू नये. आत्महत्येचा आकडा दिला की सरकारचं उत्तर आत्महत्येचं येतं : फलक, हेल्पलाइन, पंख्याला स्प्रिंग. आमच्या शाळेतल्या मुलांचं दुखणं त्याच्या कितीतरी अलीकडचं होतं. दुसरा आकडा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला. १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण त्यात ७.३ टक्के आलं. साडेसहाशेच्या पटाला हे प्रमाण लावलं तर सत्तेचाळीस मुलं होतात आणि सत्तेचाळीस मुलं म्हणजे आमच्याकडची जवळजवळ पाऊण तुकडी. पण या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणून वापरायचा, पुरावा म्हणून नाही, असं ठरलं. पुढे एका अधिकाऱ्यांनी नेमकं तेच विचारलं, "महाराष्ट्राचा आकडा कुठाय?" आम्ही आधीच तसं लिहिलं होतं म्हणून बोलणं पुढे गेलं.

केस द्यायची नाही हे मात्र मुलाच्या आईनेच ठरवलं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, हे मी सांगत होते. त्यांनी मध्येच थांबवलं. "कायद्याचं ऱ्हाऊ द्या ताई. पोराचं कायपण नको. त्याच्या वर्गातली पोरं मोबाईल बघतात. मी येते ना, मी माझं सांगते." त्या गेल्या आणि आपल्याला काय काय करावं लागलं ते त्यांनी सांगितलं : जंताचं औषध, सोनोग्राफीचे पैसे, कामावरचे खाडे. स्वीय सहायकांनी तेच टिपून घेतलं. सोबत पुरावा म्हणून आम्ही संचमान्यतेची प्रत जोडली आणि नसलेल्या रकान्याच्या जागी पेन्सिलने चौकट काढली.

प्रश्न दाखल झाला, चर्चेला आला नाही. मंत्र्यांना आमदारांचं पत्र गेलं.

शिक्षक खोलीतला विरोध

सगळ्यात कडवा विरोध बाहेरून आला नाही, शिक्षक खोलीतून आला. मी त्याला अडथळा म्हणत नाही; मसुदा सगळ्यात जास्त सुधारला तो तिथेच.

ते वर्ष शिक्षकांसाठी आधीच वाईट होतं. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला टीईटीचा निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास होणं भाग झालं. त्यावर मतदार याद्यांची, म्हणजे बीएलओची, कामं. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "खिचडीची नोंद आम्ही, ऑनलाइन माहिती आम्ही, बीएलओ आम्ही. आता मुलांचं मनसुद्धा आमच्याकडेच देणार असाल तर आमचं कुणाकडे देताय?" सरकारचं सोपं उत्तर शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण हेच असणार, हे त्या बरोबर ओळखून होत्या. प्रशिक्षण हवंच, न्यायालयानेही सांगितलं आहे, पण ते समुपदेशकाच्या जोडीला. प्रशिक्षणाने बाईंना पोटदुखी ओळखता येईल. पुढचा तास सुरू होत असताना त्या मुलासोबत चाळीस मिनिटं बसता येणार नाही.

दुसरा आक्षेप कुणी मोठ्याने घेतला नाही, पण खोलीत तो होता : समुपदेशक आला की मुलं आमच्या तक्रारी त्याच्याकडे करतील. करतीलही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घातली आहे, आणि सगळ्यांच्या समोर वाचायला लावून हसं होऊ देणं कुठे बसतं, हा प्रश्न अवघडच आहे. इतिहासाच्या सरांनी त्या दिवशी स्वतःहून सांगितलं, की पद्धत आता बदलली आहे, ज्याला वाचायचं त्याने हात वर करायचा. त्यानंतर चर्चा सैल झाली.

मसुद्यात त्यातून तीन कलमं आली. समुपदेशकाने शिक्षकाच्या गोपनीय अहवालात काही लिहायचं नाही. त्याला ऑफ तासाला वर्गावर पाठवायचं नाही. (हे कलम वाचून सगळे हसले, कारण पाठवलं असतंच.) आणि मुलाचं बोलणं गुप्त ठेवायचं, पण लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक, तिथे गुप्तता नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराचं जे प्रकरण घडलं ते याच जिल्ह्यात, त्यामुळे हे कलम कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. त्याच संदर्भात एका अधिकाऱ्यांचा सवाल होता, की १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाची, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत आहे, मग वेगळा समुपदेशक कशाला? समिती हवीच. पण समिती ठराव करते, इतिवृत्त लिहिते. सकाळी साडेसातला जिन्यात बसून राहिलेल्या मुलाशेजारी समिती जाऊन बसत नाही.

कागद कुठे कुठे गेला

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला की वजन येईल असं वाटलं होतं. या समितीत पाऊण पालक असतात आणि तिने शाळा विकास आराखडा करायचा असतो. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्लागार आहे. ठराव जोडला, त्याचा उपयोग माहितीपुरता झाला. माहिती अधिकारात विचारलं, की न्यायालयाच्या निर्देशांवर आपल्या कार्यालयाने काय परिपत्रक काढलं आणि अनुदानित शाळांत किती समुपदेशक आहेत. दुसऱ्या प्रश्नाला 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. हे उत्तर आम्ही जपून ठेवलं आणि पुढच्या निवेदनाला जोडलं, कारण मोजलंच नाही हे लेखी मिळणं हीसुद्धा माहिती आहे. मग महापालिका निवडणुकांची आचारसंहिता लागली. शालेय शिक्षण विभागाच्या पदनिर्मितीचा १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाशी काय संबंध, असं विचारायची सोय नव्हती. ज्या टेबलाशी जावं तिथे आचारसंहिता.

याच मधल्या काळात एक अनपेक्षित गोष्ट घडली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून परिसरातल्या काही शाळांना मिळून एक समुपदेशक दिली, प्रत्येक शाळेला आठवड्यातून एक दिवस, वर्षभरासाठी. शाळेने ग्रंथालयातलं कपाट हलवून जागा केली. पालक खूश. मी अर्धी खूश. पुढच्याच भेटीत एका कार्यालयात ऐकायला मिळालं, "आता सोय झाली ना तुमची?" खासगी पैशाने भागलं की सार्वजनिक मागणीची हवा जाते, हा धोका मी गटापुढे मांडला. नाकारायचं का? मंगळवारी त्या बाईंच्या दाराशी उभी राहणारी मुलं बघितल्यावर नाकारा म्हणणं मला जमलं नाही, आणि कुणी ऐकलंही नसतं. तोडगा असा काढला, की समुपदेशकांनी नावं न घालता नोंद ठेवायची : कितवीचं मूल, तक्रार काय घेऊन आलं, किती वेळ लागला, पुढे कुठे पाठवावं लागलं. कराराच्या कागदातही ही व्यवस्था 'राज्याकडून पद मंजूर होईपर्यंत' आहे असं घातलं. कंपनीला त्यात अडचण नव्हती.

मुलाची तपासणी झाली. वाचनाची अध्ययन अक्षमता निघाली, प्रमाणपत्र मिळालं. दहावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतील. तो आता आठवडाभर शाळेत येतो, सोमवारी अजूनही कुरकुरतो. वडिलांना पहिल्यांदा प्रमाणपत्राचीच भीती वाटली होती, 'शिक्का बसेल' म्हणून. समुपदेशक बाईंनी त्यांना रिक्षाच्या स्टँडवर जाऊन समजावलं, शाळेत बोलावून नाही.

निवेदनाची फाइल 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी' वर अग्रेषित झाली आणि एक शेरा घेऊन परत आली : 'सदर पदाचा साप्ताहिक कार्यभार किती, ते स्पष्ट करावे.' गटातल्या काहींना हा नकार वाटला. मुख्य लिपिकांना फोन केला तर ते म्हणाले, नकार असता तर प्रश्न विचारलाच नसता. शिक्षकाचा कार्यभार तासिकांत मोजतात, समुपदेशकाचा कशात मोजायचा, हे कुणी ठरवलेलंच नाही. मंगळवारच्या नोंदवहीवरून आम्ही तो तक्ता करतो आहोत : एका मुलासोबतची बैठक, पालकभेट, वर्गासोबतचा तास, बाहेर पाठवलेल्या मुलाचा पाठपुरावा, आणि प्रत्येकाला आठवड्याला लागणारा वेळ. शेजारच्या दोन शाळांनीही आपल्या नोंदी द्यायचं कबूल केलं आहे. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, तेव्हा तक्ता त्याच्या बऱ्याच आधी, नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होताच, वर पोचला पाहिजे.